पुढचं वाक्य

एकतीस हिवाळे मी विंगेत उभा होतो,
पडद्याच्या दोन बोटं आत.
एका हातात वही, दुसऱ्यात बॅटरी,
तोंडात पुढचं वाक्य.

प्रॉम्प्टर म्हणजे जो कधीच आत्ता नसतो.
नायक 'आई' म्हणायचा तेव्हा
मी 'तुझ्या पायाची शपथ'वर पोचलेला.
नायिका विष प्यायची तेव्हा
तिच्या भावाला कुठून आत ढकलायचं, ते बघत असायचो.
लोक रडायचे. धान कापलेल्या बांधीत
तनसावर बसून हजार माणूस रडायचं,
आणि मी पान उलटायचो.

नाटक संपलं तरी वही मिटली नाही.
मालूच्या लग्नात अक्षता पडत होत्या
आणि मी पंगतीच्या पत्रावळी मोजत होतो.
बाप गेला त्या पहाटे
रडण्याच्या आधी लाकडं आठवली.
पुस्तकला बोलायला लागली
की तिचं वाक्य मीच पुरं करायचो,
निम्म्या वेळा चुकीचं.
ती हसायची नाही, रागवायची नाही,
भाजी ढवळायची.
नाव पुस्तकला आणि अक्षराशी गाठ नाही,
असं मी चारचौघांत म्हणायचो.
तेही वाक्य ती यायच्या आधीच तयार असायचं.

आता डाव्या डोळ्यात मोतीबिंदू,
उजव्यातला काढला, तर भिंग नीट बसलं नाही.
ओळी एकमेकींवर चढतात,
पाण्यात पडलेल्या मुंग्यांसारख्या.
वडशाच्या कंपनीनं नवा पोरगा घेतला.
त्याच्या मोबाइलमध्ये अख्खं नाटक मावतं.
राग नाही. थोडा आहे.

यंदा मंडईला
त्यांनी मला पुढची खुर्ची दिली, शाल दिली, नारळ दिला.
जन्मात पहिल्यांदा नाटक समोरून पाहिलं.
राजवाडा खरंच राजवाड्यासारखा होता.
मागून तो गोणपाट आणि खिळे.

तिसरा अंक. मोतीराम कापगते
'बाबा, तुमच्या या घरात मला' एवढं म्हणाला
आणि थांबला.
विंगेतला मोबाइल विझला असावा.
माझे ओठ हलले.
काहीच आलं नाही.
दोनशे वेळा तोंडात धरलेलं नाटक,
आणि तोंड रिकामं.

मग जे झालं ते एवढंच:
जनरेटर धडधडत होता.
मागे कुणाचं तरी लेकरू खोकलं.
बोडीकडून टिटवी ओरडत गेली.
मोतीरामच्या गालावरून घामासोबत पावडर उतरत होती
आणि तो खरोखरच
बापाच्या घरात जागा नसलेला माणूस दिसत होता.
तनसाला थंडीचा ओला वास होता.
एकतीस वर्षं हा वास इथेच होता का?

शेवटी बाप झालेला नट स्वतःच्या मनानं बोलला,
'बस. आधी जेवून घे.'
वहीत असं वाक्य नाही.
शेजारच्या म्हातारीनं पदर तोंडाला लावला.
मीही रडलो. कशासाठी, विचारू नका.
पान उलटायला हात मोकळे नव्हते,
हातात नारळ होता.

घरी टिनाचं भोक तसंच आहे.
गुडघा तसाच. जावयाचं पिणं तसंच.
पोराचा पुण्याहून फोन, महिन्यातून एकदा,
तोही गाडी सुटायच्या घाईत.
मला वाटायचं, हे सगळं एकदा मार्गी लागलं
की मग दोघं निवांत बसू.
तो प्रवेश कुठल्या पानावर होता, सापडला नाही.

काल सकाळी छपरीत ऊन आलं,
तुटक्या फळीतून, हातभर रुंद.
तिनं लाखोरीचे वडे केले होते, एका बाजूनं जळलेले.
मी जळकी बाजू आधी खाल्ली.
कडू होती. बरी होती.
पुस्तकला म्हणाली,
'मी काय म्हन्तो जी...'

जुनी सवय. जिभेवर दोन वाक्यं चढली:
साखर संपली.
नाहीतर, मालूकडे जाऊन येऊ.
दोन्ही वड्यासोबत गिळली.
ती थांबली होती, हातातल्या वड्यावर फुंकर घालत.
कोंबडी खाटेवर चढली, उतरली.
तिचं वाक्य अजून आलेलं नव्हतं
आणि मला पुढचं माहीत नव्हतं.